झळेच्या सीटवरची सिद्धव्वा

सहा मे. आज गिरणी बंद. दगडांना टाकी लावायची होती, म्हणून वरचा दगड उलटा करून मी सकाळीच छिन्नी-हातोडा घेऊन बसले. बाहेर दळणाचे डबे रांगेत ठेवून बायका सावलीला टेकल्या होत्या. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. तेवढ्यात हमरस्त्यावर, बरोबर आमच्या दारासमोर, एक मालट्रक येऊन थांबला. थांबला म्हणजे चाकं थांबली. इंजिन चालूच होतं, आणि आतला पंखा असा घोंघावत होता की माझ्या हातोड्याचा ठोका मलाच ऐकू येईना. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी मागायला आला.

"आरं, आदी ते बंद कर की मुडद्या," रांगेतली एक म्हातारी त्याच्यावर ओरडली. "कान गेले आमचे!"

मी म्हटलं, "बंद करू नकोस. आधी पंखा फिरू दे. मग चालू इंजिनातच सावकाश पाणी घाल."

ड्रायव्हरनं डबा खाली ठेवला. "तुमाला कुनी शिकवलं, बाई?"

"होती एक," म्हटलं आणि त्याला हौद दाखवला.

दगड संपेपर्यंत ती डोक्यातून गेली नाही. हात धुतले, जेवले, आणि आता लिहायला बसले आहे. माझ्या हातून काही लिहून व्हायचं तर ते एका बैठकीतच.

तिचं नाव सिद्धव्वा. सगळं जळकोट तिला अव्वा म्हणायचं, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. निजामाच्या राज्यात मोठ्या रस्त्यावर सरकारी मोटारी असत, पण बाजाराच्या आणि यात्रेच्या दिवसांत त्या पुरत नसत. तेव्हा जळकोट, नळदुर्ग, तुळजापूर अशी एक खाजगी मोटार धावायची. ती तिच्या नवऱ्याची होती. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले, मोटार विकून टाकू, बाईमाणसाला काय कळतं त्यातलं. ती म्हणाली, "पेरणीच्या तोंडाला बैल इकता का तुमी?" आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर जाऊन बसली. दीर रस्त्यात उभे राहिले. दस्तगीर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. दीर बाजूला झाले. वारसाहक्काचा निकाल आमच्या गावात इतक्या लवकर दुसऱ्या कुणाचा लागलेला मला माहीत नाही.

मी लग्न होऊन जळकोटात आले तेव्हा ती आमची भिंतीला भिंत शेजारीण. उंच, हाडापेरानं रुंद. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगावर इरकली लुगडं. चालताना कधी वाकून जमिनीकडं बघायची नाही, त्यामुळं ठेचा फार लागायच्या आणि त्यांचा राग ती दगडावर काढायची.

पुढची सीट म्हणजे मानाची, असं लोकांना वाटतं. त्या मोटारीत तसं नव्हतं. इंजिन पुढं लांबोळक्या पेटीत. पेटीच्या तोंडाशी पाण्याची जाळी, आणि जाळीमागं पंखा. इंजिन फिरलं की पट्ट्यानं पंखा फिरे, बाहेरचं वारं जाळीतून ओढून घेई आणि इंजिनावरून मागं फेकी. आता मागं म्हणजे कुठं? तर पुढच्या सीटवर. पायाखालच्या फळ्यांना फटी होत्या. एप्रिल-मेमध्ये त्या फटींतून जी झळ यायची, तिला चुलीची उपमा कमी पडेल. त्यात तेलाचा वास आणि आवाज. दस्तगीरला तिथं बसणं भागच होतं. दुसऱ्या कुणी ती सीट फुकटसुद्धा घेतली नसती. अव्वा बारा महिने तिथंच बसायची.

मी एकदा विचारलं, "अव्वा, तुम्ही मागं का बसत नाही?"

"का बसू? झळ मालकानं घ्यायची. गिऱ्हाईकानं का म्हणून?"

त्या सीटनं तिचे कान घेतले. बहिरी झाली असं नाही. पण पंख्याच्या वर आवाज काढून बोलायची तिची सवय पुढं मोटारीतून उतरली तरी सुटली नाही. देवळात, मयताच्या घरात, न्हाणीघरात, एकच आवाज. आमच्या गल्लीत एक म्हातारे वारले तेव्हा त्यांच्या सुनेच्या कानाशी वाकून, अगदी दबक्या आवाजात म्हणून तिनं विचारलं, "सकाळपासनं कायी खाल्लंस का न्हाय?" ते बाहेर तिरडी बांधणाऱ्यांनी ऐकलं, आणि त्यातल्या एकानं "न्हाय खाल्लं" असं उत्तर दिलं. खाजगी काही बोलायचं असलं की ती कानडीत बोले. पण जळकोटात कानडी कुणाला येत नव्हती?

आता त्या पंख्याचं सांगते. मोटारीचा मूळचा पंखा चार पात्यांचा, लहानसा. थंडीत चालून जाई. उन्हाळ्यात माणसं, पोती, कोंबड्या आणि टपावर शेळ्या असा भार घेऊन तुळजापूरची चढण लागली की जाळीतलं पाणी उकळायचं, झाकणातून वाफ फसफसायची, आणि माणसं बाभळीखाली जाऊन बसायची. एकदा नवरदेवच असा रस्त्यात बसून राहिला आणि मुहूर्त टळला. वधूपित्यानं अव्वाला सगळ्यांदेखत नको ते बोलून घेतलं. तिनं ऐकून घेतलं. पण तेव्हापासून तिला पंख्याचं वेड लागलं.

जर्मनीशी लढाई चालू होती. सोलापूरच्या भंगार बाजारात फौजेच्या मोडक्या लॉऱ्या यायच्या. अव्वा तिथं गेली आणि एका लॉरीचा सहा पात्यांचा पंखा पोत्यात घालून, मांडीवर घेऊन आली. मी तो पाहिला आहे. आमच्या परातीहून मोठा होता.

दस्तगीर बघून मागंच सरला. "मालकीण, ह्यो पंखा न्हाय, वावटळ हाय. लोकांचे कान फुटतील."

"कान फुटू देत. जाळी फुटायला नको."

"बसनार न्हाय ह्यो तितं. जागाच न्हाय."

"मग जागा कर."

जागा करायला आठवडा गेला. एकदा पात्यांनी जाळी खरवडली, एकदा पट्टाच तुटून उडाला. अव्वा रोज शेडमध्ये पाट टाकून समोर बसलेली. शेवटी बसला. पहिल्यांदा इंजिन सुरू करून दस्तगीरनं रेस दिली तेव्हा मी अंगणात ज्वारी पाखडत होते. वाटलं, आभाळ फाटलं. सासूबाई देवघरात पळाल्या. बाजारात बैलांनी दावी तोडली आणि एक शेळी जी गेली ती नळदुर्गच्या बाजूला सापडली म्हणतात. शेडमधून धुळीचा लोट आला आणि त्यातून अव्वा बाहेर आली, पदर उडालेला, केस विस्कटलेले, तोंडभर हसत. "थंड हाय! थंड हाय की!" असं ओरडत होती.

त्या उन्हाळ्यात मोटार चढणीवर एकदाही थांबली नाही. आणि तेव्हापासून जळकोटात लोक मोटार बघून फाट्यावर जात नसत. ती अलीकडच्या गावाला आली की पंख्याचं घुमणं ऐकू यायचं. मग बायका सावकाश चूल विझवायच्या, पोराला अंगडं घालायच्या आणि निघायच्या. तरी मोटार मिळायची.

तक्रार झालीच. नळदुर्गला एक नवे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, आले होते. त्यांच्या कचेरीसमोर मोटार थांबे, ती नेमकी त्यांच्या झोपेच्या वेळेला. हुकूम निघाला, कचेरीसमोर इंजिन बंद करायचं. अव्वानं मोटार चालू ठेवली आणि आत गेली. हे दस्तगीरनं आम्हाला सांगितलं, नक्कल करून.

अमीनसाहेब म्हणाले, "बाई, जरा आहिस्ता बोला."

"आहिस्ताच बोलतिया, साहेब."

"इंजिन बंद का करत नाही?"

"पळून आलेल्या बैलाला तुमी झटक्यात खाली बसवता का? चार पावलं फिरवता न्हवं? तसं हाय. इंजिन बंद झालं की पंखा बंद. पंखा बंद झाला की आतली आग आतच. पानी उकळतंय आन् मोटार तुमच्या दारात मुक्काम करती. मग दिसभर मी बी हितंच. बोलत बसू आपन."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, आणि हुकूम मागं घेतला. मोटारीचा आवाज परवडला असणार.

पण तिचा स्वभाव सगळा तापटच होता असं नाही. एकदा मी त्या मोटारीत होते. रस्त्यात एक बैलगाडी आडवी पडलेली, म्हणून आम्ही थांबलो. दस्तगीर आणि इतर पुरुष गाडी सरळ करायला गेले. इंजिन चालू, पंखा फिरतोय. एक म्हातारे शेतकरी तुळजापूरला लेकीकडं निघाले होते. त्यांना मोटारीची दया आली. आपण रांजणाला गार राहावं म्हणून ओलं पोतं गुंडाळतो ना, तसं त्यांनी टपावरचं पोतं काढलं, पखालीतलं पाणी त्यावर ओतलं आणि मोटारीच्या जाळीवर नीट चारी बाजूंनी खोचून बसवलं. वर दोन बायकांनी "लई बरं केलं, तात्या" म्हणून शाबासकी दिली. पंख्यानं ते पोतं आत ओढून जाळीला घट्ट चिकटवलं. आवाज बसला. घुमायचा तो घरघरायला लागला, कुणी गळा दाबल्यासारखा.

आम्हाला कुणाला कळलं नाही. अव्वा रस्त्याच्या कडेला दूर उभी होती. ती पळत आली. त्या अंगाची बाई पळताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. तिनं दोन्ही हातांनी पोतं ओढून काढलं. वाफेनं तिचं मनगट भाजलं. म्हातारे हात जोडून उभे. मला वाटलं, आता ह्यांची धडगत नाही.

अव्वा म्हणाली, "तात्या, ताप आला तर पट्टी कपाळाला लावत्यात. नाकातोंडावर कोन लावतंय का? हे नाक हाय त्याचं."

"चुकलं गं माय."

"चुकलं कुटं? माया केली तुमी. जागा चुकली." आणि भाजलेल्या मनगटावर तेच ओलं पोतं गुंडाळून ती सीटवर जाऊन बसली.

आता अठ्ठेचाळीस सालचा मे महिना. इकडं रझाकारांचं काय चाललं होतं ते इथल्या माणसांना सांगायला नको. गावातले बरेच पुरुष निजामाच्या हद्दीपलीकडं निघून गेले होते. माझे यजमान सोलापूरला, धाकटे दीर सरहद्दीवरच्या लढ्याच्या कॅम्पात. घरात आम्ही तिघी: सासूबाई, मी आणि माझी जाऊ कमळ, नऊ महिने भरलेली. पेट्रोल मिळत नव्हतं, नाक्यांवर हत्यारबंद माणसं बसलेली, त्यामुळं अव्वाची मोटारही शेडमध्ये उभी होती.

कमळला कळा लागल्या त्याला एक दिवस आणि एक रात्र झाली. सकाळी सुईण बाहेर आली, हात पुसत म्हणाली, "आडवं हाय. माझ्या हातचं न्हाय आता. सोलापूरला न्या, न्हायतर बोलवा ज्याला बोलवायचं त्याला." भिंतीपलीकडून आवाज आला, "दस्तगीर! डबा वत!"

सुईणीचं बोलणं तिनं ऐकलं होतं. खाटेखाली पेट्रोलचा एक डबा राखून ठेवलेला होता, तो तिनं काढला. मोटार जप्त झाली तर तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. शेत दिरांकडं होतं. मी ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "शांते, गादी आन. आन् पान्याची घागर. बोलत उभी ऱ्हाऊ नकु."

मोटारीत कमळ, मी, अव्वा आणि दस्तगीर. सासूबाईंना घराशी ठेवलं. उन्हानं पत्र्याला हात लावता येत नव्हता. रस्त्यानं चिटपाखरू नाही आणि त्या सगळ्या माळावर आमचा पंखा घुमत चाललेला. कमळ ओरडत होती. तिचं ओरडणं मला तिच्या तोंडाकडं बघून कळत होतं, ऐकू येत नव्हतं.

हद्दीच्या अलीकडं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. आडवा बांबू. जमादार आणि बंदुका घेतलेली चार-पाच माणसं. आमचा आवाज त्यांनी केव्हाच ऐकला असणार. सगळे रस्त्यावर उभे होते. जमादारानं हात केला, इंजिन बंद.

दस्तगीरनं अव्वाकडं बघितलं. त्या उन्हात तापलेलं इंजिन एकदा बंद झालं की ऊन उतरेपर्यंत पुन्हा सुरू होत नाही, हे आम्हा तिघांना माहीत होतं. ऊन उतरेपर्यंत कमळ टिकली नसती.

अव्वा उतरली. मोटारीच्या पुढं गेली आणि इंजिनाच्या पेटीची दोन्ही झाकणं उचलून वर केली. पेटीत कोंडलेला आवाज तो, आता उघडा झाला. मग ती वळली आणि म्हणाली, "दस्तगीर, रेस दे!"

मी गिरणी चालवते. आवाजाला भीत नाही. पण तसा आवाज मी नंतर कधी ऐकला नाही. जमिनीवरची फुफाट्याची धूळ उठली. जमादाराचा रुमाल उडाला. तो काहीतरी बोलला. शेजारच्या माणसालाही ते कळलं नाही. तो ओरडला, तरी नाही. अव्वा उघड्या पेटीच्या बाजूला, वाऱ्यात, कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि ती आपल्या रोजच्या आवाजात बोलत होती. तिचं अक्षर न् अक्षर आत मला ऐकू येत होतं.

"बाळंतीन हाय! आडवं आलंय! सोलापूरला नेतिया!"

जमादारानं काही विचारलं. तोंड हललं फक्त.

"कायी न्हाय! सामान न्हाय, मानसं न्हाय! चढा, बघा!"

एक पोरगेलासा माणूस पुढं आला आणि बंदुकीचा दस्ता त्यानं इंजिनाच्या कडेवर आपटला. अव्वानं त्याचा हात धरला आणि फिरत्या पात्यांकडं बोट केलं. "बंद करायचाय? मग घाल हात. धर त्याला. मी आडवत न्हाय."

त्यानं पात्यांकडं बघितलं. सहा पाती कुठली, नुसतं एक करडं चक्र दिसत होतं. तो मागं सरकला. जमादार डोळे चोळत मोटारीत चढला, कमळकडं एकदा बघितलं, लुगड्यावरचं रक्त बघितलं, आणि तसाच उतरला. खाली जाऊन त्यानं हात हलवला. जा, की थांबा, कुणास ठाऊक. दस्तगीरनं जा असा अर्थ घेतला. अव्वा झाकणं पाडून सीटवर चढली. बांबू वर गेला.

तिनं झाकणं मुद्दाम उघडली का, रेस मुद्दाम द्यायला लावली का, हे मी तिला नंतर विचारलं. "इंजिन तापलं हुतं," एवढंच म्हणाली.

आणि ते खरंही होतं. नाक्यापलीकडं थोडं गेल्यावर जाळीच्या झाकणातून वाफ यायला लागली. मोटारीच्या डब्यातलं पाणी संपलेलं. अव्वा मागं आली आणि कमळच्या उशाची घागर उचलली. मी धरून ठेवली.

"अव्वा, तिच्या तोंडाला कोरड पडलीय!"

"पडू दे. तहानंनं ती मरायची न्हाय. मोटार थांबली तर मरंल. सोड."

तिनं एक तांब्या माझ्याकडं काढून ठेवला आणि बाकीची घागर घेऊन गेली. पदर हाताला गुंडाळून तिनं झाकण फिरवलं, तोंड वळवून वाफ जाऊ दिली, आणि चालू इंजिनात, पंख्याच्या झळेत उभी राहून, धार बारीक धरून पाणी ओतलं. हात हलला नाही. मी तिचा हात बघत होते. कमळचा जीव त्या धारेवर आहे, एवढं मला कळत होतं.

आम्ही पोचलो. दवाखान्याच्या पायरीशी कमळला उचलून आत नेलं, तेव्हा अव्वा म्हणाली, "आता बंद कर." त्यानंतरच्या शांततेनं माझेच कान दुखले.

पुढचं आधीच सांगून टाकते. परत जाताना नाक्यावर मोटार जप्त झाली. अव्वा आणि दस्तगीर पायी जळकोटला गेले. पोलीस ॲक्शननंतर मोटार मिळाली, पण चाकांशिवाय. आम्ही वर्षभर सोलापूरलाच होतो. परतलो तेव्हा ती लेकीकडं आळंदच्या बाजूला गेली होती आणि तिथंच वारली. त्यामुळं मी तिला शेवटचं बघितलं ते दवाखान्यात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

रात्र तिनं मोटारीतच काढली होती. मी बाहेर आले तेव्हा दस्तगीर पट्टा आवळत होता.

"कमळी?" तिनं विचारलं.

"आहे. मूल गेलं."

"ती हाय न्हवं? मग बास!" व्हरांड्यातले सगळे रोगी वळून बघायला लागले.

मी म्हटलं, "अव्वा, आज जाऊ नका. नाक्यावर तीच माणसं असतील."

"असंनात. म्हस बांधलीया घरी. दस्तगीरची पोरं तितं हैत. हितं बसून काय करू, तुजं तोंड बघू?"

मी नळावरून बादली आणली आणि मागच्या फळ्या, सीट, गादीखालची जागा, सगळं धुऊन काढलं. रक्त वाळलं होतं; दोनदा घासावं लागलं. मग मोटारीचे डबे भरले. शेवटी आमची घागर काठोकाठ भरून तिच्या पायाशी नेऊन ठेवली.

"ही पिन्याची, का मोटारीची?"

"ज्याला आधी लागंल त्याची," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि घागर दोन पायांत घट्ट धरली. दस्तगीरनं हँडल मारलं. मी बादली उचलली आणि कमळला चहा मिळतो का ते बघायला आत गेले.